स्वरयंत्रावरची सावली

“हात खाली घे, हेमा. उंचावरून रांगोळी सोडलीस की रेघ फिसकटते. चिमूट जमिनीला लागू दे, मग सोड.”

आईचं हे सांगणं हेमांगीच्या कानात अजून तसंच होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण चातुर्मासातला गोपद्मांचा नेम तिच्याकडून हिच्याकडे आला तो राहिलाच. मिरजेतल्या फ्लॅटच्या दारापुढे हातभर जागा. तिथे रांगोळीची गाईची पावलं उमटल्याशिवाय हेमांगी चहाला तोंड लावत नसे.

गंमत अशी, की पुढे तिनं ज्या शास्त्रात जन्म घालवला, तिथलंही सगळं भांडण हात किती उंच, म्हणजे सुटलेला कण किती लांब पडतो, यावरच होतं.

हेमांगी एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ होती. रुग्णाच्या शिरेतून औषध सोडायचं, त्या औषधाला किरणोत्सारी गॅलियमचे अणू जोडलेले, आणि औषध जाऊन गाठीला चिकटायचं. मग त्या अणूतून पॉझिट्रॉन नावाचा कण सुटतो. इलेक्ट्रॉनचा जणू आरशातला भाऊ. आपल्या या जगात त्याला आयुष्य फार नाही. थोडा धावतो, धडपडतो, दमतो, आणि एखाद्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडली की दोघंही विरून जातात. मागे दोन किरण उरतात, एकमेकांकडे पाठ करून निघालेले. यंत्राचं कडं ते दोन्ही पकडतं आणि त्यांच्यामधून रेघ ओढतं. अशा लाखो रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे पडद्यावर ठिपका उजळतो.

“पण तो ठिपका कण विरला तिथला आहे बरं का,” हेमांगी नव्या डॉक्टरांना आपल्या मऊ आवाजात सांगायची. “तो निघाला कुठून, हे यंत्राला ठाऊकच नसतं. फ्लोरिनचा पॉझिट्रॉन अर्ध्याएक मिलिमीटरवर दमतो. गॅलियमचा अंगानं तगडा. तो सरासरी तीन मिलिमीटर जातो, एखादा त्याहूनही लांब. जेवढा लांब जाईल तेवढं चित्र फिसकटणार.”

दोन वर्षांपूर्वी नवं यंत्र आलं आणि हे फिसकटणं जवळजवळ संपलं. त्याच्या बोगद्याभोवती प्रचंड ताकदीचा चुंबक होता. विद्युतभार असलेला कण चुंबकाच्या जोरात सरळ पळू शकत नाही, गिरक्या घेतो. पॉझिट्रॉनला आजूबाजूला हलायची सोयच राहिली नाही. बोगद्याच्या लांबीत, म्हणजे रुग्णाच्या डोक्याकडे नि पायाकडे, तेवढी पळवाट उरे. तीही संगणक हिशेबानं पुसून टाकी. मोहरीएवढी गाठ मोहरीएवढीच दिसू लागली. रुग्णालयातली माणसं त्याला ‘बारीक मशीन’ म्हणत, आणि तळमजल्यावरच्या जुन्याला ‘जाड मशीन’.

बारीक मशीनवर विश्वास इतका बसला, की हळूहळू सुई घालून तुकडा तपासणं मागे पडलं. शेजारच्याच खोलीत प्रोटॉनच्या झोताचं यंत्र होतं. इकडे ठिपका दिसला की तिकडे तेवढीच जागा भाजायची. टाका नाही, जखम नाही. माणसं सकाळी येत आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी जात. हेमांगी देवापुढे उभी राहिली की त्या यंत्रासाठीही हात जोडायची.

आणि आता त्याच पडद्यावर तिच्या थोरल्या भावाचं चित्र होतं.

धनाजी म्हणजे बैलगाडा शर्यतीतला निवेदक. आटपाडीपासून चिकोडीपर्यंत कुठलंही मैदान असो, धनाजीच्या आवाजाशिवाय झेंडा पडत नसे. लोक त्याला ‘तोफ’ म्हणत. काही महिने छातीत घरघर आणि सुका खोकला, म्हणून बहिणीनं धरून आणलं होतं. श्वासनळीच्या खालच्या टोकाशी, आतल्या कडेला, एक छोटी गाठ होती. सावकाश वाढणाऱ्या जातीची आणि वेळेत सापडलेली. तिचं फारसं भय नव्हतं.

भय दुसऱ्या ठिपक्याचं होतं. तो थेट स्वरयंत्रावर होता.

“दोन्ही स्वरतंतूंवर आहे,” डॉ. सौंदत्तीकर म्हणाले. विभागप्रमुख, हाताला यश असलेला माणूस. “दुर्बिणीतून काही दिसलं नाही, पण ते आपल्याला नवं नाही. डोळ्याच्या आधी या मशीनला दिसतं. सोमवारी दोन्ही जागा भाजून घेऊ.”

“आवाज, सर?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “कुजबुज राहील. जीव राहील, हेमांगीताई. तुम्हाला मी काय सांगायचं.”

हेमांगीनं पडदा पुन्हा पाहिला. ठिपका विचित्र होता. गाठ वाढते ती गोळ्यासारखी. हा मात्र पापुद्र्यासारखा होता, तंतूंच्या खालच्या अंगाला सारवल्यासारखा. तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण भीतीच्या शेजारीच, लहानपणी उलगडता न आलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीपुढे बसावं तसं काहीतरी मनात बसून राहिलं. असा कसा हा?

रविवारी धनाजी आणि वहिनी तिच्याकडे जेवायला होते. हेमांगीचा उपास होता. ती वाढत होती.

“वन्सं, तुमीबी घ्या की दोन घास,” शोभावहिनी म्हणाल्या.

“माझं फळ झालंय, वहिनी.”

“तिचा देव लई कडक हाय,” धनाजी आमटी ओरपत म्हणाला. आवाज घोगरा झाला होता, पण भिंतीला अजून धडकत होता. “आमचा बग, मटणालाबी हो म्हंतो.”

“हसा. उद्यापास्नं हातवारे करून हसायचंय,” वहिनी बोलल्या, आणि स्वतःच पदर तोंडाला लावून गप्प झाल्या.

मग धनाजीनंच विषय बदलला. “मशीन तुमचं झ्याक हाय हां हेमे. शर्यतीएवढाच वेळ लागला बग. आत घातलं, घंटी वाजली, दम धरला, बाहेर आलो तवा सोडला.”

हेमांगीचा वाढता हात थांबला. “दम धरलास? यंत्रावरच्या रेश्मानं तुला सांगितलं नव्हतं, संथ श्वास घे म्हणून?”

“ती पोरगी व्हय? सांगितलं की. सावकाश श्वास घ्या काका, घाबरू नका. म्हटलं, हिला काय म्हाईत कोण झोपलंय! अगं, झेंडा पडला की निवेदकानं दम आत कोंडायचा. बैलं निम्म्यात येईपतोर एक अक्षर न्हाई. मैदान कसं गप्प हुतं! आन मग सगळा दम एकदम सोडून गाडीचं नाव पुकारायचं. तीस वर्सं ह्येच केलं. घंटी वाजली की गळा आपोआप मिटतोय. झाकण बसल्यावानी.”

“झाकण,” हेमांगी म्हणाली.

“व्हय. हितं.” त्यानं कंठमण्यावर बोट ठेवलं.

हेमांगी भाताचं पातेलं खाली ठेवून ओट्याशी जाऊन उभी राहिली. वहिनींना वाटलं, बाईला रडू आलं. ती रडत नव्हती. ती एका कणाच्या मागोमाग धावत होती.

गॅलियमचा पॉझिट्रॉन तीन मिलिमीटरवर दमतो, तो मांसात. आणि दादाची गाठ कुठे होती? श्वासनळीच्या आतल्या कडेला. तिथून निघालेले निम्मे कण मांसात शिरलेच नसतील, नळीतल्या हवेत पडले असतील. हवा मांसापेक्षा शेकडो पटींनी विरळ. तिथे पॉझिट्रॉनला अडवायला आहे कोण? नुसता सुटला असता तर समोरच्या भिंतीवर आपटून जवळच विरला असता. पण बारीक मशीनचा चुंबक त्याला भिंतीकडे जाऊच देत नाही. एकच वाट मोकळी, डोक्याकडे नि पायाकडे. नळीही त्याच दिशेला. म्हणजे गिरक्या घेत, मळसूत्रासारखा, तो वर वर जात राहणार. वीतभर वाट त्याला काहीच नाही. एरवी श्वास घेताना स्वरतंतू उघडे असतात, तेव्हा हे कण पुढे निघून गेले असते, घशात कुठेतरी विखुरले असते. पण दादानं गळा मिटला होता. आडवं झाकण! सगळे येऊन त्यावर थडकले आणि तिथेच विरले. यंत्रानं प्रामाणिकपणे तिथे ठिपका काढला. आणि संगणकाला वाटलं, हे सगळं मांसच आहे. त्यानं नेहमीसारखा तो ठिपका घासून पुसून धारदार केला.

म्हणून पापुद्रा. म्हणून खालच्या अंगाला.

“वहिनी,” ती वळून म्हणाली, “उद्या दादाला उपाशीपोटीच आणा. पण झोताच्या खोलीत पाठवायच्या आधी मला भेटा.”

सोमवारी सकाळी डॉ. सौंदत्तीकरांनी तिचं सगळं शांतपणे ऐकलं. मग तितक्याच शांतपणे म्हणाले, “हेमांगीताई, एक विचारू? हा रुग्ण तुमचा भाऊ नसता, तर हे तुम्हाला सुचलं असतं?”

हेमांगीनं प्रामाणिकपणे विचार केला. “नसतं सुचलं, सर. माझ्या घरी जेवला म्हणून कळलं.”

“मग बघा. माया माणसाला हवं ते दाखवते. तो ठिपका खरा असेल आणि मी सोडून दिला, तर वर्षानं तुम्हीच माझ्यापुढे उभ्या राहाल.”

“म्हणून तर सोडा म्हणत नाही. पुन्हा चित्र काढा म्हणते. दोन वेळा. पहिल्यांदा दादानं दम धरायचा, पण मानेखालची उशी काढून, मान मागे टाकून. नळीचा कल बदलेल. गाठ खरी असेल तर तंतूंवर होती तिथेच दिसेल. सावली असेल तर सरकेल. दुसऱ्यांदा तोंड उघडं ठेवून संथ श्वास घ्यायचा. सावली असेल तर तंतूंवरून पुसलीच जाईल.”

“आणि यातलं एकही झालं नाही तर?”

“तर माझं चुकलं. मी स्वतः दादाला झोताच्या खोलीत घेऊन जाईन.”

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. हा माणूस हट्टी नव्हता, यशस्वी होता. त्यामुळे त्याला थांबणं जड जात होतं. “दुपारपर्यंत,” ते म्हणाले. “गॅलियमची नवी मात्रा काढायला सांगतो.”

मात्रा देऊन तासभर झाला, तेव्हा रेश्मा मुल्लानं धनाजीला बोगद्यापाशी आणलं. यंत्र चालवणारी ती तरतरीत मुलगी आज काळजीनं अर्धी झाली होती. चूक आपली, असं तिनं मनाशी धरलं होतं.

“काका, आज माझं ऐकायचं हां. पहिल्यांदा दम धरा म्हणेन तेव्हाच धरायचा. दुसऱ्यांदा अजिबात नाही.”

“पोरी, दुसऱ्यांदाचं अवघड हाय. घंटी वाजली की गळा माझा ऐकत न्हाई.”

“मग घंटी बंद ठेवते! तोंड उघडं टाकून पडा, झोपल्यासारखे.”

“घोरलं तर चालंल का?”

“घोरा हो काका, खुशाल घोरा,” रेश्मा म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

काचेच्या या बाजूला डॉक्टर आणि हेमांगी उभे होते. पहिलं चित्र उमटायला लागलं. खालची गाठ आपल्या जागी, स्थिर, गोल. वरचा ठिपका दिसेना. हेमांगी पडद्याजवळ वाकली. मग तो दिसला. स्वरतंतूंच्या बराच खाली, नळीच्या पुढच्या भिंतीवर, लांबट ओघळासारखा. मान मागे गेली होती, नळी तिरकी झाली होती, आणि वर निघालेले कण झाकणापर्यंत पोचायच्या आतच भिंतीला लागले होते.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. “सरकला,” ते स्वतःशीच म्हणाले. “गाठ कशी सरकेल?”

दुसऱ्या वेळी उशी पुन्हा मानेखाली होती आणि तोंड उघडं. स्वरतंतू स्वच्छ होते. वर, घशाच्या मागच्या भागात, फिकट धुरकट डाग तेवढा पसरला होता. तो इतका अंधुक, की माहीत नसतं तर कुणी पाहिलाही नसता.

हेमांगीला आनंद झाला तो नंतर. आधी तिला त्या कणांचंच नवल वाटलं. डोळ्याला न दिसणारी एवढीशी गोष्ट, जन्मापासून विरेपर्यंत क्षणाचंही अंतर नाही, आणि तेवढ्यात वाट मोकळी दिसली म्हणून वीतभर वर चढून गेली. कुणी खोटं बोललं नव्हतं. कणानं नाही, चुंबकानं नाही, यंत्रानंही नाही. बघणाऱ्यानं विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

खालची गाठ त्याच दुपारी भाजली. संध्याकाळी धनाजी खाटेवर बसून पेज पीत होता.

“म्हंजे आवाज राहिला?” त्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

“राहिला, दादा. पण आठवडाभर ओरडायचं नाही.”

“बरं झालं,” शोभावहिनी डोळे पुसत म्हणाल्या. “मला वाटलं हुतं, घरात जरा शांतता व्हईल.”

“बगितलंस? ह्या बाईनं नवस बोलला आसंल, आवाज जाऊ दे म्हणून!”

सगळे हसले. मग धनाजी हसायचा थांबला. वाडग्यातल्या पेजेकडे बघत राहिला.

“हेमे, ह्ये मशीन कवा आलं म्हणालीस?”

“दोन वर्षं झाली.”

“म्हंजे माझ्याआधी कुणाचा तरी गळा आसाच उगं भाजला आसंल. त्येला बहीण नसंल तुझ्यासारकी.”

दुपारपासून हेमांगीच्या मनात तेच होतं.

“मी जुनी चित्रं बघते सगळी.”

“नुसती बगू नगंस. कोण सापडलं तर जाऊन सांग. तू सोता. दवाखान्याचा कागद पाठवून न्हाई. आवाज गेल्याला माणूस कागदाला काय विचारणार?”

“जाईन, दादा.”

“शब्द दे बग.”

“दिला शब्द.” ती रोजचे नेम पाळणारी बाई होती. शब्द द्यायला तिला वेळ लागायचा, आणि दिला की तो देवघरातल्या समईसारखा सांभाळावा लागायचा.

गॅलियमचं औषध दिलेल्या, छातीत गाठ असलेल्या प्रत्येक रुग्णाचं चित्र तिनं पुन्हा उघडलं. रेश्मा रोज काम संपलं की शेजारी येऊन बसे. बहुतेक चित्रं निर्मळ होती. सावलीला गाठ नेमक्या जागी हवी, मान नेमक्या कलात हवी आणि गळाही नेमका मिटलेला हवा. असं सगळं जुळून येणं दुर्मीळच. हेमांगीला वाटू लागलं, देवानं सोडवलं.

मग एका चित्रात तो पापुद्रा सापडला. तंतूंच्या खालच्या अंगाला, सारवल्यासारखा.

रेश्मानं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. “विमल चौगुले. ताई, या भोसे गावच्या बाई. शाळेत शिकवायच्या. यंत्रात इतक्या घाबरल्या होत्या, दातखिळी बसल्यासारख्या. मला आठवतंय.”

डॉ. सौंदत्तीकरांनी चित्र पाहिलं आणि बराच वेळ हातातलं पेन फिरवत राहिले. यंत्राचा हिशेब दुरुस्त करून घ्यायचं पत्र त्यांनी आधीच धाडलं होतं. दम धरणाऱ्यांसाठी नवा नियम भिंतीवर लागला होता. सुईनं तुकडा काढणं पुन्हा सुरू झालं होतं. ते सगळं त्यांनी मनापासून केलं होतं.

“या बाई दर संक्रांतीला विभागात तिळगूळ पाठवतात,” ते म्हणाले. “सोबत चिठ्ठी असते. तुमच्यामुळे जीव वाचला म्हणून. आणि छातीतली गाठ आपण खरंच बरी केली, हेही खोटं नाही. आवाज दिला आणि जीव मिळवला, अशा समाधानात जगतायत. ते समाधान काढून घ्यायचं? कशासाठी?”

त्यांचं म्हणणं दुष्टपणाचं नव्हतं, म्हणूनच ते अवघड होतं. हेमांगीच्या डोळ्यांपुढे वर्गात उभी असलेली एक बाई आली. पाढे म्हणून घेणारी. आणि मग तीच बाई, ओठ हलवणारी.

“त्यांना वाटतंय, आपण सौदा केला,” ती सावकाश म्हणाली. “सौदा झालाच नव्हता, सर. आपण चुकलो. कसलं समाधान मानायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायला नको का? आपण त्यांच्या वतीनं ठरवून एकदा बघितलं.”

“रागावतील.”

“रागवू देत. त्यांचा हक्क आहे तो.”

“ओरडताही यायचं नाही त्यांना,” डॉक्टर म्हणाले, आणि आपणच काय बोललो ते ऐकून खाली बघू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, “स्वरतंतूंवर नवा थर चढवायचा प्रयोग पुण्यात चाललाय. आशा दाखवू नका. पण मी विचारून ठेवतो, एवढं सांगा. आणि चूक माझ्या सहीची होती, हेही सांगा.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. हेमांगीनं पहाटेच पूजा उरकली. देवापुढे काही मागितलं नाही, नुसती बसून राहिली. मग दोन्ही चित्रांचे छाप पिशवीत घातले, एक दादाचं आणि एक विमलबाईंचं. दाखवून समजावता येईल असं. कोरी वही आणि पेनही घातलं. बाईंना विचारायचं असेल तर लिहावं लागणार होतं. हलकेच तिनं दार ओढून घेतलं.

स्टँडवर भोस्याची गाडी उभी होती. वाहक दाराशी तंबाखू मळत होता.

“चौगुले बाईंचं घर कुठल्या थांब्याला येईल हो?”

“शाळेच्या बाईंकडं व्हय? शाळेपाशीच उतरा. पण ताई, त्या बोलत न्हाईत आता. इशाऱ्यानंच काय ते.”

“चालेल,” हेमांगी म्हणाली. “बोलायचं मलाच आहे.”

आणि पिशवी छातीशी धरून ती गाडीच्या पायऱ्या चढली.